रिकाम्या फ्लॅटसाठी तुळशीबाग आणि बोहरी आळी, माझा अनुभव

मागच्या महिन्यात लातूरहून पुण्यात आले, कोथरूडला चौथ्या मजल्यावर वन बीएचके भाड्याने मिळाला आणि पहिले पंधरा दिवस घरात एक गादी, एक इंडक्शन आणि एक पातेलं एवढाच संसार. त्याच पातेल्यात मॅगी, त्याच पातेल्यात चहा, त्यामुळे चहाला मसाला मॅगीचा. ॲपवर तेवीस वस्तू कार्टमधे टाकून ठेवल्या होत्या पण कुठली कढई जाड कुठली पातळ हे फोटोत काय कळणार. शेवटी शनिवार पेठेतली मैत्रीण म्हणाली, अगं वीकेंडला इकडेच ये राहायला, सासूबाईंना घेऊन तुळशीबागेत जाऊ.

आम्ही तिच्या घरून चालतच गेलो. कोथरूडकडून येणाऱ्यांनी गाडी आणूच नका, पार्किंग शोधण्यात अर्धा दिवस जातो. वनाझवरून मेट्रो, सिव्हिल कोर्टला बदलायची, मंडईला उतरायचं, हे स्टेशन सप्टेंबर २०२४ मधे सुरू झालंय. फक्त सिव्हिल कोर्टचं खालचं स्टेशन भलतंच खोल आहे, येताना हातात कुकर असेल तर सरळ लिफ्ट शोधा.

मला वाटायचं तुळशीबाग म्हणजे कानातली, क्लिपा आणि ओढण्या. ते आहेच, पण आत पेशवाईतलं राममंदिर आहे त्याच्या आसपास भांड्यांची दुकानं आहेत, काम तिथे. मैत्रिणीच्या सासूबाईंनी, म्हणजे काकूंनी, पहिल्या दुकानात कढई उचलली, हातात नुसती वरखाली केली आणि ठेवून दिली, "पत्रा आहे हा, भाजी खाली लागेल." दुसरीकडची घेतली, जड बुडाची. पोळपाटाची गंमत वेगळीच. मी दिसायला छान म्हणून चार पायांचा धरला होता, तर दुकानदार म्हणे, ताई ओटा सपाट आहे का बघितलंय? मग त्याने तो फळीवर ठेवून एका कडेला बोट दाबलं, टकटक डुगडुगला. तीन पायांचा ठेवला, हललाच नाही. म्हणे तीन पाय कुठेही ठेवा, तिन्ही टेकणारच. हे मला शाळेत भूमितीत कुणी असं शिकवलं असतं तर!

घासाघीस सगळीकडे चालत नाही हां. स्टीलचे डबे वजनावर, तिथे दर ठरलेला. काकू मात्र बिल झाल्यावर "वर एक चिमटा द्या" म्हणतात आणि तो मिळतो. मी एकटी असते तर हिंमत झाली नसती.

सगळंच चांगलं नाही. बाहेरच्या गल्लीत एका ठिकाणी घेतलेल्या चहाच्या गाळणीची जाळी तिसऱ्याच दिवशी कडेने सुटली, आणि "विकलेला माल परत घेतला जाणार नाही" ही पाटी मी नंतर वाचली. संध्याकाळी पाचनंतर गर्दी इतकी की बॅग पुढे धरूनच चालायचं. सकाळी दुकानं उघडल्या उघडल्या जा.

तिथून रविवार पेठेत बोहरी आळी. ब्रश, दोऱ्या, कड्या, खिळे, घराला लागणारं सगळं किडूकमिडूक. मला बाल्कनीत कपडे वाळत घालायला पुलीचा हँगर हवा होता. दुकानदाराने विचारलं, छत किती उंच? मी ठोकून दिलं, नऊ फूट असेल. त्याने त्या हिशोबाने दोरी कापून दिली. छत निघालं दहाच्या वर. आता दांड्या पूर्ण खाली सोडल्या तरी माझ्या डोक्यावर दीड फूट लटकतात आणि मी स्टुलावर चढून टॉवेल टाकते. दुकानाची चूक नाही, माझी आहे. टेप लावून मापं लिहून न्या, छताचं, ओट्याचं, खिडकीचं.

रविवारी मैत्रीण आणि तिचा नवरा ड्रिल घेऊन आले. सोसायटीत ड्रिल अकरा ते एक, आम्ही पावणेबाराला सुरू केलं, बिट बीममधे अडकून बोथट झालं, ते निस्तरेपर्यंत एक वाजून पाच मिनिटं. बेल वाजली. खालच्या काकू. त्यांच्या वाळत घातलेल्या साडीवर सिमेंटची भुकटी पडली होती. मी सॉरी सॉरी करत आत बोलावलं, नव्या पातेल्यात पहिला चहा केला, त्या जरा निवळल्या. मग म्हणाल्या, गुरुवारी पाणी बंद असलं की शुक्रवारी सकाळीही कमी दाबाने येतं, भरून ठेवायला बादल्या आहेत ना?

तेवीस वस्तूंची यादी, दोन बाजार, तीन बायका, आणि बादली कुणालाच आठवली नव्हती.