आयडी डॉट एलओसी डॉट गव्ह: तालिकाकाराने रोज उघडी ठेवावी अशी सेवा

सेमँटिक वेब (मशीनला अर्थ कळेल अशी वेबवर मांडलेली माहिती) आणि ग्रंथालयं या विषयावर परिसंवाद पुष्कळ होतात. पण रोज पुस्तकांच्या नोंदी करणाऱ्या तालिकाकाराच्या हाताला त्यातलं नेमकं काय लागतं, असं कुणी विचारलं तर मी अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या लिंक्ड डेटा (पत्त्यांनी एकमेकांशी जोडलेली माहिती) सेवेकडे, म्हणजे id.loc.gov कडे, बोट दाखवते. २००९ पासून ती चालू आहे. पैसे नाहीत, नावनोंदणी नाही. माझ्या कॉम्प्युटरवर ती दिवसभर उघडी असते आणि मार्कमध्ये, म्हणजे ग्रंथालयाच्या नोंदींच्या मशीनला वाचता येणाऱ्या साच्यात, काम करणाऱ्या प्रत्येकाने ती वापरावी असं मला मनापासून वाटतं, अगदी ज्यांच्या ग्रंथालयात बिबफ्रेमचं, म्हणजे मार्कच्या जागी आखलेल्या नव्या साच्याचं, नावही निघालेलं नाही त्यांनीसुद्धा.

या सेवेचं काम एका वाक्यात सांगता येतं. व्यक्तींची नावं, विषयशीर्षकं, भाषांचे कोड, संपादक-अनुवादक अशा भूमिकांचे कोड, यांतल्या प्रत्येकाला ती वेबवरचा एक कायमचा पत्ता देते.

त्याची गरज का पडली, हे मार्ककडे पाहिलं की कळतं. हेन्रिएट ॲव्हरम यांनी १९६० च्या दशकात मार्क उभं केलं, ते कार्डं छापायला आणि नोंदी एका ग्रंथालयातून दुसऱ्यात पाठवायला. त्या कामात ते इतकं पक्कं निघालं की अजून चालू आहे. पण त्यात विषय म्हणजे ६५० या क्रमांकाच्या फील्डमध्ये (नोंदीतल्या रकान्यात) टाइप केलेले शब्द. २०१० मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसने ‘कुकरी’ हे विषयशीर्षक बदलून ‘कुकिंग’ केलं. जिथे नुसते शब्द साठवलेले होते तिथे पाककलेच्या एकेका नोंदीत शिरून ते बदलणं आलं. शब्दाच्या जोडीला पत्ता असेल तर बदललेलं शीर्षक मशीनला स्वतःहून शोधता येतं.

आता एक पान उघडून बघू. एसएच ९५०००५४१ या क्रमांकाचं पान ‘वर्ल्ड वाइड वेब’ या विषयाचं आहे. वर अधिकृत शीर्षक, त्याखाली पर्यायी रूपं: डब्ल्यू थ्री, डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू वगैरे. मग व्यापक विषय, त्यात ‘हायपरटेक्स्ट सिस्टिम्स’. संबंधित विषयात ‘इंटरनेट’. आणि संकुचित विषयांमध्ये ‘सेमँटिक वेब’, ज्याचा क्रमांक एसएच २००२०००५६९. कार्डांच्या कपाटातले ‘पाहा’ आणि ‘हेही पाहा’ हे संदर्भच इथे आहेत. फरक एवढाच की आता यांतला प्रत्येक संदर्भ मशीन स्वतः चालून जाऊ शकतं. पानाच्या तळाशी हाच मजकूर आरडीएफ, जेसन आणि मार्क एक्सएमएल या मशीनला वाचता येणाऱ्या रूपांत उतरवून घेता येतो. शिवाय इतर देशांच्या राष्ट्रीय ग्रंथालयांच्या शीर्षकांशी असलेल्या जोडण्याही बऱ्याच पानांवर असतात. फ्रान्सच्या रामो या विषयशीर्षकांच्या यादीतलं जवळचं शीर्षक एका क्लिकवर सापडतं, तेव्हा दोन भाषांतल्या तालिकाकारांचं काम एकमेकांना भेटल्याचा आनंद मला दर वेळी होतो.

मला सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट मात्र नावांच्या विभागात आहे, आणि तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. तिथे एका व्यक्तीला दोन पत्ते मिळू शकतात. एक पत्ता प्राधिकृत नोंदीचा, म्हणजे नावाचं ठरलेलं रूप सांगणाऱ्या नोंदीचा, आणि दुसरा, ज्यात ‘आरडब्ल्यूओ’ (रिअल वर्ल्ड ऑब्जेक्ट) ही अक्षरं येतात, तो प्रत्यक्ष माणसाचा. सुरुवातीला हे उगाच वाढवलेलं काम वाटतं. पण नीट विचार केला तर नोंद कुणीतरी अमुक वर्षी बनवली, तमुक वर्षी दुरुस्त केली. माणूस जन्मला वेगळ्या वर्षी. ‘हे १९७९ मध्ये तयार झालं’ हे विधान नोंदीबद्दल खरं असेल, माणसाबद्दल साफ चूक. वाचणाऱ्याला संदर्भावरून कळतं, मशीनला सांगावं लागतं. मार्कनेही हा भेद स्वीकारला आहे: नोंदीचा पत्ता फील्डमधल्या सबफील्ड झीरो या उपरकान्यात, प्रत्यक्ष व्यक्तीचा किंवा वस्तूचा पत्ता सबफील्ड वनमध्ये. जुन्या साच्यात नव्या विचाराला अशी जागा करून देणं हे मला नवा साचा जाहीर करण्याइतकंच मोलाचं वाटतं.

उणिवाही आहेत, आणि त्या वापरणाऱ्याने आधी माहीत करून घ्याव्यात.

पहिली उणीव विषयशीर्षकांच्या घडणीतच आहे. लायब्ररी ऑफ काँग्रेसची शीर्षकं आपण जोडत जातो: मूळ विषय, मग ‘इतिहास’, मग देश, मग शतक. असं जोडून तयार झालेलं प्रत्येक शीर्षक या सेवेत नाही. मूळ विषयाला पत्ता असतो, अख्ख्या माळेला बहुतेक वेळा नसतो. मग सबफील्ड झीरोमध्ये काय द्यायचं? फक्त मूळ विषयाचा पत्ता दिला तर तो अर्धवट, न द्यावा तर शीर्षक एकटं पडतं. मी अर्धवट पत्ता देत नाही. चुकीची जोडणी काढून टाकणं हे नसलेली जोडणी भरण्यापेक्षा फार अवघड जातं. विषय, स्थळ आणि काळ सुटे ठेवणारी फास्ट शीर्षकं या कामी जास्त सरळ आहेत, आणि ज्यांना नव्याने सुरुवात करायची आहे त्यांनी त्यांचा विचार जरूर करावा.

दुसरी उणीव लिपीची. शीर्षकं रोमनमध्ये, विषय इंग्रजीत. नावांच्या प्राधिकृत नोंदींत रोमनेतर लिपीतली पर्यायी रूपं द्यायला २००८ मध्ये परवानगी मिळाली, पण त्या पहिल्या यादीत अरबी, चिनी, हिब्रू, ग्रीक, सिरिलिक अशा लिपी होत्या; देवनागरी नव्हती. कारण तांत्रिक होतं: मार्कचा जुना अक्षरसंच, मार्क-८, यात देवनागरी नाही. युनिकोडने तो अडसर काढला, तरी इतक्या वर्षांची राहिलेली भरपाई एकदम होत नाही. म्हणून देवनागरीत नाव टाकून इथे शोधायला जाऊ नये. रोमन लिप्यंतर करून शोधावं, आणि नाव सापडलं की देवनागरी रूप आपल्या नोंदीच्या ८८० फील्डमध्ये, जे मूळ लिपीतल्या रूपासाठी असतं, सांभाळावं. एका संकल्पनेला एक पत्ता आणि त्या पत्त्यावर हव्या तितक्या भाषांतली नावं, हीच तर या तंत्राची खरी ताकद. आपल्या लिपीला तिचा पुरेसा लाभ मिळावा ही माझी कळकळीची मागणी आहे.

बिबफ्रेमच्या विभागाबद्दल थोडक्यात. २०११ मध्ये हाती घेतलेला हा प्रकल्प, त्याची दुसरी आवृत्ती २०१६ ची. वर्क (कृती), इन्स्टन्स (तिची प्रकाशित आवृत्ती) आणि आयटम (हातातली प्रत) असे त्याचे तीन थर. आरडीए हे तालिकीकरणाचे नियम मात्र इफ्ला या ग्रंथालयांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या २०१७ च्या एलआरएम या प्रारूपाप्रमाणे वर्क, एक्स्प्रेशन, मॅनिफेस्टेशन आणि आयटम असे चार थर मानतात. अनुवादाचं उदाहरण घ्या: आरडीएच्या हिशेबी तो मूळ कृतीचं एक्स्प्रेशन (त्याच कृतीचं एक रूप), बिबफ्रेममध्ये तो स्वतःच एक वर्क, ‘ट्रान्सलेशन ऑफ’ या नात्याने मुळाशी बांधलेला. विखुरलेल्या अशा वर्कना एकत्र आणायला पुढे ‘हब’ आले. या सेवेतल्या बिबफ्रेम नोंदी बऱ्याच अंशी मार्कमधून रूपांतर करून आलेल्या आहेत, त्यामुळे मूळ नोंद जितकी नेटकी तितकीच ही. शिकायला उत्तम, पण आपल्या तालिकेचा पाया म्हणून मी त्या आत्ताच घेणार नाही. हे सगळं अशक्य आहे असं मात्र नाही. स्वीडनच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने २०१८ मध्ये आपली लिब्रिस ही तालिका प्रणाली लिंक्ड डेटावर नेऊन दाखवली.

वापरताना एका गोष्टीकडे डोळ्यांत तेल घालून पाहावं लागतं. ब्राउझरच्या वरच्या पट्टीतला पत्ता उचलून नोंदीत चिकटवू नये. तिथे सुरुवातीला ‘एचटीटीपीएस’ आणि शेवटी ‘डॉट एचटीएमएल’ दिसतं. संकल्पनेचा खरा पत्ता ‘एचटीटीपी’ने, एसशिवाय, सुरू होतो आणि त्याला शेपूट नसतं. तो पानावरच ‘यूआरआय’ या शब्दाखाली दिलेला असतो, तिथूनच घ्यावा. दोन्ही पत्ते वाचकाला एकाच पानावर नेतात, पण जुळणी करणाऱ्या प्रोग्रॅमच्या लेखी ती दोन वेगळी नावं आहेत आणि तो ती जुळवत नाही.

आणि सुरुवात करण्याआधी आपलं सॉफ्टवेअर तपासा. मी पूर्वी ज्यावर काम करत होते त्यात बाहेरून नोंद घेतली की सबफील्ड झीरो गळून पडायचं, कसलाही इशारा न देता. एक नोंद आत घ्या, बाहेर काढा आणि दोन्ही शेजारी ठेवून पाहा. पत्ते शाबूत राहत असतील तर पहिल्यांदा भूमिकांचे कोड हाती घ्या. त्यांची यादी आटोपशीर आहे, अर्थ स्पष्ट आहेत, आणि ७०० फील्डमध्ये (जोडीच्या नावांच्या रकान्यात) नुसतं ‘ट्रान्सलेटर’ लिहिण्याऐवजी सबफील्ड चारमध्ये ‘टीआरएल’ या अनुवादकाच्या कोडचा पूर्ण पत्ता दिला की अनुवादकाचं नातं कुठल्याही भाषेतल्या तालिकेला वाचता येतं. नावांचं आणि विषयांचं काम त्यानंतर काढावं.