‘सगळ्याला एकच ऑइल’ने माझे ३,९७,१०० रुपये गिळले

या धंद्यात वीस वर्षं काढली, तरी फसलो. हसायचं तर हसा.

माझ्याकडे दोन जेसीबी, एक २० टनी पोकलेन, एक रोलर. सगळ्या सेकंडहँड, कंपन्या वेगवेगळ्या. इंजिनला १५डब्ल्यू-४०, हायड्रोलिकला कुठं ४६ नंबर (ऑइलचा जाडपणा) तर कुठं ६८, जेसीबीच्या मागच्या एक्सलला वेट ब्रेकचं, म्हणजे ऑइलात बुडालेल्या ब्रेकचं, वेगळंच. ऑपरेटर बदलला की बादल्यांची अदलाबदल ठरलेली. त्यात हा ऑइल विकणारा भेटला. म्हणे, “दादा, एवढी भानगड कशाला? हायड्रोलिक, गिअर, ब्रेक, सगळ्याला हे एकच.” ट्रॅक्टरला असं एकत्र चालणारं ऑइल खरंच येतं, म्हणून तर पटलं.

दोन बॅरल, २४,८०० प्रमाणे ४९,६००. इंजिन ऑइलच्या सहा बादल्या १७,४००. एकूण ६७,०००, कच्च्या बिलावर. १८ टक्के जीएसटी वाचवायला गेलो. त्याचं क्रेडिट मला मिळालंच असतं, म्हणजे तो कर माझ्या करातून वजा झाला असता, हे तेव्हा सुचलं नाही. ठेकेदाराकडं माझी बिलं अडकलेली, स्वस्त दिसलं की माणूस हात घालतोच.

आता ज्याची रोज आठवण येते ते सांगतो. टेम्पोतून बॅरल उतरवताना ऑपरेटर पोरानं झाकणाला हात लावला आणि सील अख्खं गोल फिरलं. पोरगं म्हणालं, “शेठ, हे आधी उघडलंय.” डिझेलच्या फडक्यानं बॅच नंबर पुसून पाहिला, तर शाई फडक्यावर आली. आणि मी काय केलं? त्यालाच झापलं, “तू मशीन चालव, शहाणपणा नको.” कामगारांसमोर. ते तोंड पाडून गेलं.

साठ तासांत पोकलेनचा पंप किंचाळायला लागला, गरम झाला की बूम, म्हणजे पुढचा हात, उचलेना. मेकॅनिकनं तापलेल्या पत्र्यावर थेंब टाकला, तडतडला. ऑइलमध्ये पाणी. हे तुम्ही ओतायच्या आधी करा, फुकट आहे. पंप १,४२,०००. जेसीबीच्या ब्रेक प्लेटा ३८,५००. पोकलेन ११ दिवस उभं, रोज आठ तास, तासाला १,७०० प्रमाणे १,४९,६०० बुडाले.

पोलीस म्हणाले, “हा दिवाणी मामला.” फसवणुकीचं कलम ३१८ मीच त्यांना वाचून दाखवलं. तीन चकरांनंतर साधा अर्ज घेतला. वजनमापवाले म्हणाले, बॅरल २१० लिटर भरलंय ना, मग आमचं काम नाही. म्हणजे खोटं ऑइल पूर्ण मापानं दिलं तर चालतं! ग्राहक आयोगाच्या दारातच वकिलानं सांगितलं, “व्यापारी खरेदी, तुम्ही ग्राहक नाही.” स्वतः राबून पोट भरणाऱ्याला कायद्यात सूट आहे, पण चार मशिनी पाहून कोण मानणार? ज्या कंपनीचं लेबल होतं, तिचा माणूस म्हणाला, डीलरकडून का नाही घेतलं?

मशीनचं मॅन्युअल नसेल तर झेरॉक्स मिळवा. एक्सलच्या वेट ब्रेकमध्ये साधं गिअर ऑइल ओतू नका. पक्कं बिल नाही, तर बॅरल खाली उतरवूच नका. रिकामं बॅरल भंगारवाल्याला देताना लेबल फाडा, झाकण ठेचा. हा नकली ऑइलचा धंदा त्याच बॅरलांवर चालतो.

दुसरं बॅरल अर्धं शिल्लक आहे. “मुद्देमाल आहे, हलवू नका,” पोलीस म्हणाले, न्यायला कोणी आलं नाही. विकणाऱ्याचा फोन नंबर मात्र चालू आहे. परवा स्टेटसला नवी बॅरलं होती: पावसाळी ऑफर.