स्टँडर्ड की वाइल्ड? हंगाम संपल्यावर हार्थस्टोन उघडणाऱ्यासाठी

1 जूनपासून 61 दिवस मासेमारी बंद असते. बोटी किनाऱ्याला लागतात आणि देवगड बंदरातल्या पोरांना दोन महिने हातात मिळतात. आमच्या वाडीतला ट्रॉलरवर जाणारा एक जण परवा भर पावसात माझ्या पडवीत येऊन बसला आणि फोनवर हार्थस्टोन हा पत्त्यांचा खेळ उघडून माझ्यापुढे धरला. 2016 मध्ये कॉलेजात असताना तो रोज खेळायचा. पुढे बोटीवर गेला आणि खेळ सुटला. आता पाहतो तर त्याचे जवळजवळ सगळे पत्ते स्टँडर्डमधून, म्हणजे फक्त नव्या पत्त्यांच्या प्रकारातून, बाहेर गेलेले. त्याने विचारलं, "काकानू, ह्यातला काय ठेवूचा नि काय मोडूचा?"

मोडायचं म्हणजे जुने पत्ते मोडून त्यांची डस्ट करायची आणि त्या डस्टमधून नवे घडवायचे. बऱ्याच दिवसांनी परत आलेल्या प्रत्येकाला हा प्रश्न पडतो. त्याचं उत्तर तुम्ही स्टँडर्ड खेळणार की जुने पत्तेही चालणारं वाइल्ड, यावर ठरतं. मी दोन्ही खेळलो आहे आणि आता जवळजवळ फक्त वाइल्ड खेळतो. माझा कल कुठे आहे हे आधीच सांगितलेलं बरं.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हार्थस्टोन हा ब्लिझार्ड कंपनीचा 2014 मध्ये आलेला डिजिटल पत्त्यांचा खेळ. 30 पत्त्यांचा डेक बांधायचा आणि समोरच्याचं 30 आयुष्य शून्यावर आणायचं. दरवर्षी साधारण तीन नवे संच येतात. 2016 च्या एप्रिलपर्यंत सगळे पत्ते सगळीकडे चालत. तेव्हापासून दोन वाटा झाल्या. स्टँडर्डमध्ये फक्त चालू आणि मागच्या वर्षीचे संच चालतात, जोडीला सर्वांना फुकट मिळणारा कोअर संच. वाइल्डमध्ये पहिल्या दिवसापासूनचं सगळं चालतं. स्टँडर्डचा पत्ता वाइल्डमध्ये खेळता येतो, वाइल्डचा पत्ता स्टँडर्डमध्ये नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढचा बराचसा हिशेब त्यावरच उभा आहे.

स्टँडर्डची बाजू मी माझ्या भाच्याकडून ऐकली आहे आणि ती मला पटते. तो मुंबईत असतो, लोकलमध्ये जाता-येता रोज खेळतो. तो म्हणतो, "मामा, नवा संच आला की पहिले दोन आठवडे कुणालाच काही माहीत नसतं. सगळे चाचपडत असतात. मला तेच दिवस आवडतात." खरं आहे. स्टँडर्डमध्ये वर्षाची सुरुवात चार संचांनी होते आणि वर्षअखेरीस ते सहा होतात. म्हणजे मार्च-एप्रिलमध्ये जुने संच बाहेर पडले की पत्त्यांची संख्या वर्षातली सगळ्यात कमी असते. नवख्या माणसाला शिरायला याहून चांगली वेळ नाही. समोरच्याच्या हातात काय असू शकतं याचा अंदाज पन्नासेक पत्ते ओळखीचे झाले की बांधता येतो. मुख्य अधिकृत स्पर्धा स्टँडर्डमध्येच होतात. हल्ली परत येणाऱ्याला काही दिवस तयार डेक वापरूनही बघता येतात. रोज अर्धा तास देणाऱ्याला, बदलाची हौस असणाऱ्याला, पुढे स्पर्धा खेळायची इच्छा असणाऱ्याला मी डोळे झाकून स्टँडर्डच सांगेन.

पण आमच्याकडचं वर्ष वेगळ्या पद्धतीने चालतं. माझी हापूसची बाग आहे. मार्चपासून मेअखेरपर्यंत दिवस उजाडतो तो आंबे उतरवायची घळ खांद्यावर घेऊन आणि मावळतो तो आढी लावून नि पेट्या भरून. रात्री फोन हातात घेतला तरी डोळे मिटतात. आणि स्टँडर्डचं रोटेशन, म्हणजे जुने संच बाहेर पडणं, नेमकं त्याच दिवसांत येतं: 2017 मध्ये 6 एप्रिलला, 2021 मध्ये 30 मार्चला, 2024 मध्ये 19 मार्चला. ज्या आठवड्यात जग नवे डेक शोधत असतं, त्या आठवड्यात मी वाशीला माल चढवत असतो. पहिल्या पावसाला मोकळा होऊन खेळ उघडावा तर आपला डेक बाद झालेला आणि नव्या डेकची मजा ओसरलेली. ज्या दिवसांसाठी भाचा वर्षभर थांबतो ते माझ्या वाट्याला कधी आलेच नाहीत. यात खेळाची चूक नाही, त्याचं वेळापत्रक आंबा बघून ठरत नाही. पण तुमचं कामही असंच हंगामी असेल, म्हणजे आंबा, मासे, भातशेती किंवा किनाऱ्यावरचं पर्यटन, तर आधी हे तपासा. मग बाकीचे मुद्दे.

वाइल्डमध्ये मी जूनमध्ये परत येतो आणि माझा डेक जिथे ठेवला तिथेच असतो. थोडा मागे पडलेला असतो, दोन-चार पत्ते बदलावे लागतात, पण चालतो.

आता डस्टचा हिशेब. पत्ते दुर्मिळतेप्रमाणे चार प्रकारचे: लेजंडरी सगळ्यात दुर्मिळ, मग एपिक, रेअर आणि कॉमन. लेजंडरी पत्ता घडवायला 1600 डस्ट लागते, मोडला की 400 मिळते. एपिक 400 ला घडतो, 100 ला मोडतो. रेअर 100 आणि 20, कॉमन 40 आणि 5. म्हणजे एक नवा लेजंडरी हवा तर चार जुने मोडायचे. स्टँडर्डमध्ये वर्षाच्या पहिल्या संचातला पत्ता दोन वर्षं चालतो, तर वर्षअखेरीच्या संचातला साधारण सोळा महिनेच. म्हणून स्टँडर्ड खेळणाऱ्याने डस्ट वर्षाच्या सुरुवातीला खर्चावी, डिसेंबरात हात आखडावा. वाइल्डसाठी घडवलेल्या पत्त्याला अशी मुदत नाही. नर्फ होऊन, म्हणजे कंपनीने बदल करून, त्याची ताकद उतरू शकते, पण तसं झालं तर काही दिवस पूर्ण डस्ट परत मिळते.

हा धडा मी स्वतः चुकून शिकलो. 2018 च्या ऑगस्टमध्ये आलेला झिलियॅक्स नावाचा यांत्रिक लेजंडरी माझ्याकडे होता. पाच मानाचा (मान म्हणजे पत्ता टाकायला लागणारी ऊर्जा), कुठल्याही डेकमध्ये बसणारा. 2020 च्या एप्रिलमध्ये तो स्टँडर्डमधून गेला आणि मी लगेच मोडला, 400 डस्ट घेतली. त्याच पावसाळ्यात वाइल्डकडे वळलो तर प्रत्येक डेकमध्ये तोच हवा. 1600 देऊन परत घडवला. वाडीतल्या पोराला मी पहिली गोष्ट हीच सांगितली: वाइल्डचे निदान वीस डाव खेळल्याशिवाय एकही लेजंडरी मोडायचा नाही.

मात्र लोक वाइल्डला धरून राहतात ते केवळ डस्ट वाचते म्हणून नाही. प्रीस्ट या पात्राच्या माझ्या रेनो डेकमध्ये एकही पत्ता दोनदा नाही, तीसचे तीस वेगळे. त्यात रेनो जॅक्सन आहे, 2015 चा. डेकमध्ये जोडी नसेल तर तो तुमचं आयुष्य पुन्हा पूर्ण करतो. 2016 च्या डिसेंबरचा रझा आहे, तो हिरो पॉवर, म्हणजे पात्राची स्वतःची शक्ती, स्वस्त करतो. 2017 चा शॅडोरीपर अँड्युइन आहे, त्याच्यामुळे प्रत्येक पत्ता खेळला की हिरो पॉवर पुन्हा वापरायला मिळते आणि दर वेळी दोन इजा करता येतात. 2019 चा झेफ्रिस आहे, तो पटावरची परिस्थिती बघून तुमच्यापुढे तीन पत्ते ठेवतो. रेनो 2017 च्या एप्रिलमध्ये स्टँडर्डमधून गेला, अँड्युइन त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आला. तेव्हाच्या स्टँडर्डमध्ये दोघांची गाठच पडली नाही. ती फक्त इथे पडते. असे पत्ते वेगवेगळ्या वर्षी वेगवेगळ्या विचाराने बनले. त्यांचा एकमेकांशी मेळ कसा बसतो हे घडवणाऱ्यानेही पुरतं तपासलेलं नसतं, आणि तो मेळ स्वतः शोधून काढण्यात जो आनंद आहे तो मला दुसऱ्या कुठल्या खेळात सापडला नाही.

गेल्या आठवड्यातला एक डाव सांगतो. समोर पायरेट अ‍ॅग्रो, म्हणजे चाच्यांचा, सुरुवातीपासून हल्ला करणारा डेक. पहिल्याच मानाला त्याने चाचा उतरवला, त्याच्यामागून डेकमधून पॅचेस नावाचा चाचा उडी मारून आला. चौथ्या खेळीपर्यंत मी 30 वरून 11 वर, पाचव्याला 4 वर. बाहेर वीज कडाडत होती, लाईट कधीच गेली होती, फोनची बॅटरी 18 टक्के. हातात रेनो होता पण तो सहा मानाचा, म्हणजे एक खेळी जगायचं होतं. मी झेफ्रिस टाकला. त्याने पुढे केलेल्या तिघांत पट साफ करणारा पत्ता होता. तो घेतला, उरलेल्या मानात खेळला. समोरच्याकडे मारायला हातात काही उरलं नव्हतं. सहाव्याला रेनो, 4 वरून थेट 30. समोरचा थोडा वेळ थांबला, सव्वा मिनिटाची खेळी संपत आल्यावर जळणारी दोरी पेटली आणि त्याने डाव सोडला. बऱ्याच वर्षांपूर्वी हाच पत्ता टाकून मी असाच जगलो होतो. तेव्हाचा मी आणि आताचा मी एकाच डेकमध्ये बसलोय असं वाटलं.

हे ऐकून कुणी म्हणेल, मग वाइल्डच घ्यावं. थांबा. वाइल्डला खरे काटे आहेत. वर्षागणिक पत्ते साठत जातात, त्यामुळे ज्या दोन-तीन पत्त्यांचा मेळ फार जबरदस्त जमतो ते मिळून पाचव्या-सहाव्या खेळीला डाव संपवतात. कित्येकदा समोरचा स्वतःशीच खेळत असतो आणि आपण नुसते बघत असतो. 2021 मध्ये वॉरलॉक या पात्राच्या स्टीलर ऑफ सोल्स नावाच्या पत्त्याने इतका कहर केला की तो वाइल्डमधून बंद करावा लागला. वाइल्डमध्ये असं पहिल्यांदाच घडलं. दुरुस्त्यांचा रोख बहुतेक वेळा स्टँडर्डकडे असतो, त्यामुळे वाइल्डमधला एखादा त्रासदायक डेक बरेच महिने तसाच राहू शकतो. आणि समोरच्याच्या हातात काय असेल हे ओळखायला दहा वर्षांचे पत्ते माहीत असावे लागतात. अगदी नवा माणूस, ज्याच्याकडे जुने काहीच पत्ते नाहीत, त्याने वाइल्डने सुरुवात करू नये. त्याच्या वाट्याला पहिले दोन महिने फक्त हरणं येईल, आणि का हरलो हेही कळणार नाही.

रँकचं काय? दोन्हींच्या रँक वेगळ्या मोजल्या जातात, ब्राँझपासून लेजंडपर्यंत. महिनाअखेरचं बक्षीस दोन्हींपैकी ज्यात वर असाल त्यावर मिळतं, रोजची कामं दोन्हीकडे पूर्ण होतात. वाइल्ड निवडलं म्हणून बक्षिसात तोटा नाही. नेटवर्कच्या बाबतीतही दोन्ही सारखेच. आमच्याकडे पावसात रेंज फक्त गडग्याजवळच्या फणसाखाली येते, तिथे छत्री धरून दोन्ही तसेच चालतात.

सावंतवाडीच्या राजवाड्यात हाताने रंगवलेली गंजिफा अजून बनते. दशावतारी गंजिफेचे गोल पत्ते 120, दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात बारा. मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा नवव्या अवताराचा एक पत्ता हातात घेऊन खूप वेळ बघत होतो. मत्स्यापासून कल्कीपर्यंत एकही रंग डावाबाहेर जात नाही, सगळे लक्षात ठेवूनच खेळावं लागतं. कठीण आहे, शिकायला वेळ लागतो. वाइल्डबद्दल मला जे वाटतं ते याच्याशी कुठेतरी जोडलेलं आहे. बदाम सात किंवा मेंढीकोट गणपतीच्या जागरणाला कुणीही पाच मिनिटांत शिकून बसू शकतो, आणि त्यातही रात्र रंगते. स्टँडर्डचं बलस्थान तेच आहे.

दोन्ही थोडं थोडं खेळायचं असेल तर एक वाट आहे. नवे पॅक स्टँडर्डचे उघडा, कारण ते पत्ते आज स्टँडर्डमध्ये चालतील आणि पुढेही वाइल्डमध्ये राहतील. डस्ट मात्र वाइल्डच्या जुन्या, अनेक डेकमध्ये बसणाऱ्या पत्त्यांवर घाला. उलट करू नका. आणि वाइल्डमध्ये पहिला डेक कमी लेजंडरींचा, वेगवान घ्या. तो स्वस्तात उभा राहतो आणि त्याच्यासोबत हरता-जिंकता बाकीच्यांचे पत्ते ओळखीचे होतात. रेनोचे डेक महाग असतात, त्यांच्याकडे दुसऱ्या पावसाळ्यात वळा.

वाडीतल्या पोराची गोष्ट जरा वेगळी होती. त्याचं खातं चाळताना मला दिसलं की रेनो त्याच्याकडे आहे, कॉलेजच्या दिवसांतला. कझाकसही आहे, तोही जोडी नसलेल्या डेकचाच पत्ता. पोराला त्यांची नावंही नीट आठवत नव्हती. मोडायचे म्हणून त्याने बाजूला काढलेल्या पत्त्यांत ते दोघे होते. आम्ही त्या संध्याकाळी काहीच मोडलं नाही. वॉरलॉकचा एक डेक बसवला, सात पत्ते कमी पडत होते, त्यांतले पाच कॉमन. डस्ट पुरली. अंधार पडल्यावर तो गडग्याजवळच्या फणसाखाली जाऊन उभा राहिला, रेंज यायची वाट बघत. तासाभराने मला पडवीत त्याची हाक ऐकू आली: "काकानू, तीस झाले परत!"