बारीक सुई की कोअर बायोप्सी?

मावशीच्या स्तनातली गाठ सोनोग्राफीत दिसली, तेव्हा राजारामपुरीतल्या डॉक्टरांनी दोन वाटा सांगितल्या. एफएनएसी म्हणजे इंजेक्शनसारखी बारीक सुई. काम झटपट, खर्चही कमी. पण हाती येतात सुट्या पेशी. कॅन्सर निघाला तरी तो दुधाच्या नळीतच आहे की बाहेर पसरलाय, हे त्यावरून कळत नाही. कोअरमध्ये जागा बधिर करून, पडद्यावर बघत 14 गेजची जाड सुई घालतात. स्टेपलरसारखा ‘खट्’ आवाज, की फॉर्मलिनच्या बाटलीत शेवईएवढा तुकडा! कॅन्सर असेल तर कोणतं औषध लागू पडेल हे सांगणाऱ्या ईआर, पीआर, हर-टू या तपासण्याही त्यावर नीट होतात. नुसती पाण्याची गाठ असती तर बारीक सुई पुरली असती. ही भरीव, म्हणून कोअरच. ‘सुई लावली की गाठ पसरते,’ असं गल्लीतल्या काकी म्हणाल्याच. मावशी मात्र घरी येऊन, बर्फ धरून सिरियल बघत बसली.