मिडफील्ड मोबाईल होम पार्क, कॅलगरी: सिटीने लोकांना हलवलं त्या सर्व्हिसचा रिव्ह्यू (5 पैकी 2 स्टार)

मिडफील्ड म्हणजे कॅनडातल्या कॅलगरी शहरातलं मोबाईल होम पार्क, भाड्याच्या जमिनीवर बसवलेल्या घरांची वसाहत. सिटीने ते बंद केलं, तेव्हा तिथल्या लोकांना कसं हलवलं त्याचा हा रिव्ह्यू. रेटिंग आधीच सांगून टाकते, 5 पैकी 2. आणि ते 2 पण मी देतेय ते सिटीने लांब मुदत दिली आणि हातात रोख दिली म्हणून, रक्कम पुरेशी होती म्हणून नाही.

कॅलगरीत राहणाऱ्यांना जागा लगेच लक्षात येईल. डीअरफूट ट्रेल हा हायवे सोडून 16 अव्हेन्यू नॉर्थईस्टला लागलं की विन्स्टन हाइट्सला खेटून जी मोठी जमीन आहे ना, तिथे हे पार्क होतं. साठच्या दशकाच्या शेवटी वसवलेलं, दीडशेहून जास्त घरं, आणि जमिनीचा मालक कोण तर खुद्द सिटी ऑफ कॅलगरी, म्हणजे इथली महापालिका. म्हणजे भाडं घेणारी पण तीच, पाइप सांभाळणारी पण तीच, पार्क बंद करायचा निर्णय घेणारी पण तीच आणि लोकांना दुसरीकडे हलवायची जबाबदारी पण तिचीच. म्हणून या कामाचा हिशोब मी नेहमीच्या घरमालकापेक्षा जास्त कडक करणार आहे.

तिकडे भारतात वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगते. मोबाईल होम नाव असलं तरी ते घर कुठे फिरत नाही. फॅक्टरीत तयार होतं, ट्रकला जोडून आणतात, ब्लॉकवर बसवतात, खालची पोकळी चारी बाजूंनी बंद करतात नाहीतर इथल्या उणे तीसच्या थंडीत पाइप फुटतील, पाणी, गटार, गॅस जोडतात आणि मग ते घर तीस तीस वर्षं तिथेच. लोक पुढे लाकडी डेक काढतात, बाजूला शेड टाकतात, अंगणात रुबार्ब लावतात. घर तुमचं, त्याचे हप्ते तुम्ही फेडलेले, त्याच्यावर टॅक्स पण तुम्ही भरता, पण खालच्या जमिनीचं दर महिन्याला भाडं. आणि घर जुनं झालं की ते उचलून दुसरीकडे नेणं जवळपास अशक्य, एक तर ते रस्त्यात टिकेल याची खात्री नाही, त्यात बहुतेक पार्कवाले जुनी युनिट घेतच नाहीत. म्हणजे जमीन गेली की घराची किंमत शून्य.

गोव्याच्या लोकांना हे पटकन कळेल, आमच्याकडे भाटकार (जमिनीचा मालक) आणि मुंडकार (त्याच्या जमिनीवर घर करून राहणारा) म्हटलं की हाच प्रश्न, घर एकाचं आणि भाट म्हणजे जमीन दुसऱ्याचं. पण आमच्याकडे 1975 चा मुंडकार कायदा आहे, मुंडकाराला असं उठवता येत नाही आणि घराखालची जागा विकत घ्यायचा हक्क त्याला आहे. मामलेदाराकडे केसेस वर्षानुवर्षं पडून असतात हे मला माहीत आहे, माझ्या आजोळच्या वाड्यावर लहानपणापासून तेच ऐकलंय, तरी कायदा निदान म्हणतो की इतकी वर्षं राहिलेल्या माणसाचा त्या जागेवर काहीतरी अधिकार आहे. कॅलगरी ज्या प्रांतात आहे त्या अल्बर्टात तसलं काही नाही. इथे नोटीस दिली की मुदत संपेपर्यंत राहा आणि मग निघा.

आता मिडफील्डचं. पाणी आणि सांडपाण्याच्या लाइनी जुन्या होऊन संपत आल्या होत्या, दुरुस्तीचा खर्च खूप, हे कारण खरं आहे आणि ते मी नाकारत नाही. आधी सिटीने काय ठरवलं होतं तर शहराच्या पूर्व टोकाला ईस्ट हिल्सला नवीन पार्क करायचं आणि मिडफील्डची माणसं तिथे न्यायची. लोक त्या भरवशावर बसले. घर विकायचं नाही, नवीन काही घ्यायचं नाही, कशाला, आपल्याला ईस्ट हिल्सला जायचंय ना. मग मे 2014 मध्ये ईस्ट हिल्सचा बेत परवडत नाही म्हणून रद्द, आणि त्याच्याबरोबरच मिडफील्ड बंद, 30 सप्टेंबर 2017 पर्यंत सगळ्यांनी निघायचं. त्या दिवसापासून तिथलं घर कोण विकत घेणार? विकायची संधी होती ती वर्षं वाट बघण्यात गेली. माझे 2 स्टार तर इथेच कापले गेले, कारण नुसतं बंद करणं वेगळं आणि आधी नवीन जागा दाखवून मग बंद करणं वेगळं. म्हातारी माणसं होती तिथे, पेन्शनवरची, कमी पगारावरची, शेजारी इतक्या वर्षांचे की एकमेकांच्या दारातला बर्फ काढून द्यायचे. सगळे एकत्र हलले असते तर तो शेजार तरी टिकला असता.

पैसे किती दिले? घरामागे 10,000 डॉलर, आणि हलायच्या खर्चासाठी वरून जास्तीत जास्त 10,000. ऐकायला बरं वाटतं. पण 2014 मध्ये कॅलगरीत दोन बेडरूमच्या अपार्टमेंटचं सरासरी भाडं 1,300 डॉलरच्या आसपास होतं, म्हणजे पहिले 10,000 आठ महिने पण पुरत नाहीत, आणि त्याच्यानंतर काय? मिडफील्डमध्ये माणूस फक्त जमिनीचं भाडं भरत होता, घर स्वतःचं होतं. अपार्टमेंटमध्ये गेला की तो पूर्ण भाडेकरू झाला, त्याचं स्वतःचं असं काहीच उरलं नाही. त्यात नोटीस आली ती वेळ बघा, जून 2013 चा पूर येऊन वर्ष पण झालं नव्हतं, शहरात भाड्याची घरं मिळत नव्हती. पुढे तेलाचे भाव पडले, लोकांच्या नोकऱ्या गेल्या आणि मग घरं रिकामी व्हायला लागली, त्यामुळे जे उशिरा निघाले त्यांना भाड्याची जागा शोधणं तेवढं सोपं गेलं असणार. पण त्यात सिटीचं काही कर्तृत्व नाही.

चांगलं काय ते पण सांगते, कारण सगळंच वाईट म्हटलं तर तो खोटा रिव्ह्यू होईल. तीन वर्षांहून जास्त मुदत दिली, ही खरंच मोठी गोष्ट आहे. खाजगी मालकांची पार्कं याच्यापेक्षा कितीतरी कमी वेळात बंद झालेली आहेत. तीन वर्षांत मुलांची शाळा बदलता येते, सिनिअर हाउसिंगच्या वेटिंग लिस्टला नाव घालता येतं, माणूस निदान मनाची तयारी करू शकतो. दुसरं, हातात रोख रक्कम दिली, नुसती फोन नंबरची यादी देऊन मोकळे झाले नाहीत. या दोन गोष्टींचे 2 स्टार.

तरी शेवट गोड झाला नाहीच. 2017 ची मुदत उलटून गेली तरी काही कुटुंबं तिथेच होती, प्रकरण कोर्टात गेलं, आणि 2018 उजाडल्यावर पार्क रिकामं झालं. आजूबाजूची घरं एकेक करून पाडली जातायत, रस्ता ओसाड, आणि मध्ये कुणीतरी अजून राहतंय, त्या हिवाळ्यात त्या माणसांचं काय झालं असेल हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही. स्वतःच्या नगरपालिकेविरुद्ध कोर्टात उभं राहायला कुणाला हौस नसते हो. पुढे त्या जमिनीसाठी मिडफील्ड हाइट्स नावाने नवीन वसाहतीचा बेत केला गेला. नवीन घरं व्हायला माझा विरोध नाही, कॅलगरीला घरं हवीच आहेत, पण त्यात परत यायचा पहिला हक्क मिडफील्डवाल्यांना द्यायला हवा होता असं माझं स्पष्ट मत आहे.

कुणी म्हणेल दुसरा काय उपाय होता, लाइनी तर सडल्याच होत्या. तर अमेरिकेत कोलोरॅडोच्या बोल्डर शहराचं बघा. तिथे पॉन्डेरोसा नावाचं मोबाईल होम पार्क, तिथे पण पाइप जुने, त्यात 2013 चा पूर. सिटीने ते 2017 मध्ये विकत घेतलं, 2019 मध्ये शहराच्या हद्दीत घेतलं, नव्या लाइनी घालायला घेतल्या, आणि हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी या परवडणारी घरं बांधणाऱ्या संस्थेला बरोबर घेऊन तिथल्याच लोकांसाठी त्याच जागेवर पक्की घरं बांधायचं ठरवलं. ज्याला हवं त्याने नवीन घर घ्यावं, ज्याला नको त्याने आपल्या जुन्या घरात राहावं. वेळ लागतो, खर्च होतो, रहिवाशांना धाकधूक असतेच, पण सुरुवातच या अटीवर केली की कुणाला घालवायचं नाही. पॉन्डेरोसा मिडफील्डपेक्षा बरंच लहान आहे हे मान्य, म्हणून आकड्याला आकडा लावून तुलना करत नाही, पण आधी माणसं कुठे राहणार ते ठरवायचं आणि मग पाइपला हात घालायचा, हा क्रम तर कॅलगरीला पण ठेवता आला असता.

आणि आमच्या शेजारचाच प्रांत बघा, ब्रिटिश कोलंबियाने 2018 मध्ये नियम बदलले. पार्क बंद करायचं तर 12 महिन्यांची नोटीस, घरामागे 20,000 डॉलर, आणि घर हलवताच येत नसेल तर त्या घराच्या सरकारी मूल्यांकनाप्रमाणे वरून भरपाई. हे शेवटचं महत्त्वाचं, कारण नुकसान सामान हलवायचं नसतंच, घर बुडाल्याचं असतं.

शेवटी आपल्या लोकांसाठी एक, कारण हल्ली कॅलगरीत घरांचे भाव बघून बरेच नवीन आलेले मराठी लोक मोबाईल होमच्या जाहिराती बघतायत, मला पण दोघातिघांनी विचारलंय. घेऊ नका असं मी म्हणत नाही, छान घरं असतात, अंगण मिळतं, शेजार मिळतो. पण घर बघायच्या आधी जमिनीची चौकशी करा: मालक कोण, लॉटचं म्हणजे घराखालच्या जागेचं भाडं गेल्या पाच वर्षांत कितीने वाढलं, पाणी आणि गटाराच्या लाइनी कधी बदलल्या, युनिट कोणत्या सालचं आणि उद्या हलवायची वेळ आली तर दुसरं कुठलं पार्क ते घेईल का. आणि मालक सिटी आहे म्हणून निर्धास्त राहू नका, काही आश्वासन दिलं असेल तर ते लेखी मागा, तारखेसकट.