तक्ता, टॅब्लेट की नजरेवर चालणारा संगणक: सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाच्या संवादासाठी काय निवडावे?

सेरेब्रल पाल्सीमध्ये, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे हालचालींवरचा ताबा बिघडलेल्या अवस्थेत, जबडा, जीभ आणि श्वास यांच्या स्नायूंवर पुरेसा ताबा नसेल तर बोलणे अस्पष्ट होते किंवा फुटतच नाही. परंतु त्यावरून समज कमी आहे असा निष्कर्ष काढता येत नाही. म्हणून संवादाचे साधन निवडताना किमतीच्या आधी एक गोष्ट पाहावी लागते: मुलाची कोणती हालचाल रोज, थकलेले असतानाही, त्याच्या इच्छेप्रमाणे होते? एखाद्याचे बोट नेमके चित्रावर टेकते, एखाद्याचा हात अनैच्छिक हालचालींमुळे भलतीकडेच जातो, पण नजर मात्र स्थिर राहते. हे तपासण्यापूर्वी कंबर आणि पाठ यांना आधार देणारी बैठक नीट करून घ्यावी, कारण शरीर सावरण्यातच सारी शक्ती खर्ची पडत असेल तर बोटाला काय आणि नजरेला काय, काम जमत नाही.

चित्रांचा किंवा शब्दांचा कागदी तक्ता सर्वांत स्वस्त आहे, आणि माझ्या मते सर्वांत कमी लेखला गेलेलाही. लॅमिनेट केलेला तक्ता न्हाणीघरात, एसटीत, भर उन्हात आणि वीज गेल्यावरही चालतो. बोट दाखवणे जमत नसेल तर समोरच्याने एकेक पर्याय मोठ्याने वाचावा आणि मुलाने डोळ्यांच्या किंवा मानेच्या ठरलेल्या खुणेने ‘हो’ म्हणावे. पारदर्शक प्लास्टिकच्या फळीवर चारही कडांना चित्रे लावून नजरेने निवड करण्याची पद्धतही आहे. उणीव ही की समोरची व्यक्ती जवळ बसून लक्ष देणारी हवी. दुसऱ्या खोलीतल्या आजीला तक्त्यावरून हाक मारता येत नाही. शिवाय घरोघरचे तक्ते ‘पाणी, जेवण, शू’ यांवरच थांबतात. ‘नको’, ‘थांब’, ‘का’, ‘मला तसं म्हणायचं नव्हतं’ हे त्यावर नसेल तर मुलाला मागता येते, भांडता येत नाही.

टॅब्लेटवरचे ॲप ही हाकेची अडचण दूर करते. मुंबईच्या आयआयटीत विकसित झालेले ‘जेलो’ विनामूल्य असून मराठीतही वापरता येते. चेन्नईत तयार झालेले ‘आवाज’ सशुल्क आहे. कोणतेही ॲप घेताना मुलीसाठी ‘मी जाते’ आणि मुलासाठी ‘मी जातो’ असे वाक्य येते का, आणि घरातले खास शब्द स्वतःच्या आवाजात भरता येतात का, हे पाहावे. हात थरथरत असेल तर बटणे मोठी करणे, स्पर्शाला थोडा विलंब ठेवणे किंवा पडद्यावर बटणांच्या जागी छिद्रे असलेली जाळी बसवणे यांमुळे चुका बऱ्याच कमी होतात. उन्हात पडदा दिसत नाही, चार्जिंग संपते, आणि घरात तोच टॅब्लेट कार्टूनसाठीही असेल तर तो बोलण्याचा राहत नाही.

नजरेवर चालणारा संगणक हात अजिबात साथ देत नाहीत त्यांच्यासाठी आहे. विशेष उपकरणांची किंमत लाखांत जाते, यंत्राशी डोळ्यांचे मापन जुळवावे लागते, आणि मान सतत हलत असेल किंवा तिरळेपणा असेल तर निवड चुकू शकते. पडद्यावर पर्याय एकामागून एक उजळत जातात आणि हवा तो आला की डोके, गुडघा किंवा पाऊल यांनी दाबायचे एक बटण अनेकदा पुरेसे ठरते. वेग कमी, पण खर्चही कमी.

यंत्र दिले तर मूल बोलायचे सोडेल, ही भीती पालक वारंवार बोलून दाखवतात. उपलब्ध संशोधन तिला दुजोरा देत नाही. वाचन-लेखन मात्र लांबणीवर टाकू नये. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुंबईच्या मालिनी छिब एका बोटाने टंकलेखन करत शिकल्या आणि लंडनमध्ये त्यांनी दोन पदव्युत्तर पदव्या मिळवल्या. चित्रांच्या तक्त्यावर जे वाक्य आधी कोणी मांडून ठेवलेले नसते, ते अक्षरांनी मांडता येते.

माझा कौल असा: तक्ता आजच सुरू करावा आणि यंत्र आल्यावरही काढून टाकू नये, बोट किंवा मूठ निश्चित जागी पोहोचत असेल तर विनामूल्य ॲपपासून आरंभ करावा, नजरेच्या उपकरणाचा विचार या दोन्ही वाटा वाक्चिकित्सक (स्पीच थेरपिस्ट) आणि व्यवसायोपचारतज्ज्ञ (ऑक्युपेशनल थेरपिस्ट) यांच्यासोबत पडताळल्यावरच करावा, आणि काही आठवडे वापरून पाहण्याची सोय नसेल तर पैसे भरू नयेत.