एसटीने जाऊन दिवसभर पायी फिरण्यासाठी : पन्हाळा, जोतिबा, गगनगड की बाहुबली?

कोल्हापुरातून सकाळी एसटीने निघावे, तीन-चार तास पायी फिरावे आणि दिवेलागणीपर्यंत घरी परतावे, असे ज्यांना वाटते त्यांच्यासमोर ठिकाणांची टंचाई नसते, निवडीची अडचण असते. बहुतेक जण आधी चढ किती आणि पायऱ्या किती हे विचारतात. माझ्या मते त्याआधी दोन गोष्टी विचाराव्यात : गाडी जिथे उतरवते तिथून प्रत्यक्ष चाल किती लांब सुरू होते, आणि परतीची ठरवलेली गाडी हुकली तर दुसरा मार्ग कोणता. पन्हाळा, जोतिबा, गगनगड आणि बाहुबली या चार ठिकाणांची तुलना येथे याच दोन कसोट्यांवर केली आहे. राधानगरी-दाजीपूर मुद्दाम बाजूला ठेवले आहे. फोंड्याकडे जाणाऱ्या गाड्या त्या बाजूने जात असल्या तरी अभयारण्यात गव्यांचा वावर असल्यामुळे तिथे मनाला येईल तसे पायी हिंडता येत नाही आणि पावसाळ्यात प्रवेशही बंद असतो.

पहिल्यांदाच जाणाऱ्यांना मी निःशंकपणे पन्हाळा सुचवतो. अंतर सुमारे 20 किलोमीटर आहे, गाड्या दिवसभर असतात आणि मुख्य म्हणजे एसटी थेट गडावर जाते. त्यामुळे दमवणारा चढ गाडीनेच पार होतो आणि आपल्या वाट्याला उरते ती गडमाथ्यावरची, बरीचशी सपाट अशी चाल. तटबंदीची लांबी सात किलोमीटरहून अधिक असल्याने ज्याच्या पायांत जेवढे बळ असेल तेवढे त्याने चालावे, असे स्वातंत्र्य येथे मिळते. आजी-आजोबांना सज्जाकोठी आणि अंबरखाना एवढेच पाहून सावलीत बसता येते, तर घरातील तरुण मंडळी तोवर पश्चिमेकडील तीन दरवाजा, त्याच्या शेजारची अंधारबाव आणि पुढे पुसाटी बुरुजापर्यंत जाऊन येऊ शकतात. गंगा, यमुना आणि सरस्वती अशी नावे असलेल्या अंबरखान्याच्या कोठारांत शिरल्यावर, 1660 मध्ये सिद्दी जौहरच्या वेढ्यात गड इतके महिने कसा टिकला असेल, याचा अंदाज मुलांनाही येतो. शिलाहार राजा दुसऱ्या भोजाच्या काळापासून वापरात असलेल्या या गडाचा 2025 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला, तेव्हापासून त्याच्याविषयीची उत्सुकता आणखी वाढली आहे.

पन्हाळ्याची उणीवही त्याच्या सोयीतच आहे. गाडी थेट वर जाते म्हणून सगळ्यांच्याच गाड्या वर येतात, आणि रविवारी गडावरील अरुंद रस्त्यांवर पायी चालणाऱ्याला सतत कडेला व्हावे लागते. शक्य असेल तर आठवड्यातील कामाचा दिवस निवडावा. ते जमणार नसेल, तर त्याच गाडीने पन्हाळ्यास उतरून शेजारच्या पावनगडाकडे वळावे. 1673 मध्ये शिवाजी महाराजांनी बांधून घेतलेला हा जोडकिल्ला पन्हाळ्याच्या मानाने फारच शांत आहे. तिथली तुपाची विहीर पाहण्यासारखी आहे. खाण्यापिण्याचे मात्र पन्हाळ्यावरच उरकून घ्यावे.

ज्यांना यापेक्षा खरी पायवाट हवी आहे, त्यांच्यासाठी पन्हाळ्याहून म्हाळुंगेमार्गे मसाई पठाराकडे जाणारी वाट आहे. सिद्दीचा वेढा भेदून महाराज विशाळगडाकडे निघाले, त्या मार्गावर दरवर्षी आषाढात पायी मोहिमा जातात, त्यांचा पहिला टप्पा हाच असतो. पठारावर पोहोचल्यावर चढ जवळपास संपतो. ऑगस्टअखेरपासून सप्टेंबरपर्यंत ते रानफुलांनी भरून जाते आणि त्या दिवसांत जिल्ह्यात याहून सुंदर चाल मला तरी ठाऊक नाही. पठाराला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळालेला आहे. फुलांत बसून छायाचित्रे काढण्याच्या हौसेने ती तुडवली जातात, ते कृपया टाळावे. ही चाल येऊन-जाऊन अर्ध्या दिवसाहून अधिक वेळ घेते, म्हणून ती सकाळच्या पहिल्या गाड्यांपैकी एखादी मिळत असेल तरच ठरवावी. परतताना पन्हाळ्यावरची गाडी हुकलीच, तर खाली वाघबीळला उतरावे. तिथून रत्नागिरी मार्गावरून कोल्हापूरकडे येणाऱ्या गाड्या जातात. इतका भरवशाचा दुसरा मार्ग बाकीच्या तिन्ही ठिकाणी नाही.

जोतिबाचा डोंगर पन्हाळ्याच्या शेजारचाच आणि कोल्हापूरपासून साधारण तेवढ्याच अंतरावर. पण चालणाऱ्याच्या दृष्टीने दोन्हींचा स्वभाव अगदी वेगळा आहे. गाडीने वाडी रत्नागिरीस, म्हणजे जोतिबाचे मंदिर असलेल्या डोंगरावरच्या गावी, उतरल्यास दुकानांच्या रांगांमधून मंदिरापर्यंतच्या पायऱ्या आणि पुढे यमाईचे देऊळ, एवढीच चाल होते. म्हणून येथे क्रम उलटा करावा : कुशिरे-पोहाळे बाजूने सकाळच्या गारव्यात पायी चढावे, वाटेत पोहाळ्याची लेणी पाहावीत, दर्शन घ्यावे आणि उतरताना एसटी धरावी. चढ मध्यम आहे, गुडघ्याचा त्रास नसलेल्या कोणालाही जमेल असा. पन्हाळ्यापेक्षा येथे वार पाहणे अधिक महत्त्वाचे आहे. रविवार हा जोतिबाचा वार, त्यात पौर्णिमा आली की गर्दी आणखी वाढते; चैत्र यात्रेत सासनकाठ्या, गुलाल आणि चांगभलंच्या गजरात डोंगर भरून वाहतो. तो सोहळा जरूर अनुभवावा, परंतु निवांत चालण्यासाठी तो दिवस नव्हे. पन्हाळा आणि जोतिबा एकाच दिवसात उरकण्याचा बेत अनेक जण करतात. स्वतःची गाडी असेल तर तो ठीक, एसटीने मात्र थांब्यावर वाट पाहण्यातच चालण्याचा वेळ निघून जातो.

गगनगडासाठी अख्खा दिवस हाताशी असावा. गगनबावड्यापर्यंतचे सुमारे 55 किलोमीटरचे अंतर कापायला दीड ते दोन तास लागतात. गावातून गडाकडे डांबरी रस्ता आहे आणि शेवटी पायऱ्या आहेत, त्यामुळे वाट चुकण्याची भीती नाही. चढ मात्र पन्हाळ्यासारखा गाडीवर सोपवता येत नाही. त्याचे मोल वर गेल्यावर कळते : पायाखाली सह्याद्रीचा कडा तुटतो, एकीकडे करूळ आणि दुसरीकडे भुईबावडा असे दोन घाट कोकणात उतरताना दिसतात, आणि हवा निवळलेली असेल तर नजर फार दूरवर जाते. पंत अमात्य बावडेकरांचे हे ठाणे. आता येथे गगनगिरी महाराजांचा मठ आहे आणि भाविकांची ये-जा असल्यामुळे एकट्यानेही निर्धास्त जाता येते. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. परतीच्या गाड्या पन्हाळ्याइतक्या नाहीत, म्हणून गगनबावड्यास उतरल्याबरोबर, चढायला सुरुवात करण्यापूर्वीच, स्थानकावर परतीच्या वेळा विचारून कागदावर लिहून घ्याव्यात.

निघण्याच्या स्थानकाबाबतही एक सूचना. कोल्हापुरात मध्यवर्ती, रंकाळा आणि संभाजीनगर अशी एसटीची तीन स्थानके आहेत, आणि चुकीच्या स्थानकावर उभे राहून सकाळची गाडी घालवणारे थोडे नाहीत. आदल्या दिवशी चौकशी खिडकीवर विचारून घेतलेले बरे. महिलांना तिकिटात निम्मी सवलत आहे आणि 75 वर्षांवरील ज्येष्ठांना राज्यात एसटीचा प्रवास मोफत आहे. वयाचा पुरावा असलेले ओळखपत्र सोबत असू द्यावे. अशा कुटुंबाला गगनबावड्याचे लांबचे अंतरही खर्चाच्या दृष्टीने जड जात नाही.

पावसाळ्यात हे सगळे गणित बदलते. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावरील इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट आहे. पाणी इशाऱ्याच्या जवळ आल्याची बातमी असेल, तर पश्चिमेकडील बेत रद्द करावा, कारण केर्लीजवळ रस्त्यावर पाणी आले की पन्हाळा आणि जोतिबा दोन्ही तुटतात आणि मांडुकलीजवळ आले की गगनबावडा तुटतो. अशा आठवड्यात पूर्वेकडील, हातकणंगले तालुक्यातील कुंभोजजवळचा बाहुबली डोंगर निवडावा. तिकडे पाऊस पुष्कळच कमी असतो. डोंगर लहान, पायऱ्या बांधीव, आणि वर 1963 मध्ये उभारलेली बाहुबलींची 28 फुटी संगमरवरी मूर्ती आहे. चाल तासा-दीड तासाचीच असल्याने सराईत चालणाऱ्याला ती अपुरी वाटेल, पण लहान मुलांना घेऊन प्रथमच बाहेर पडणाऱ्यांना ती पुरेशी आहे. उन्हाळ्यात मात्र पायऱ्यांवर सावली फारशी नसल्यामुळे तिथे सकाळी नऊच्या आत पोहोचावे. जैन तीर्थक्षेत्र असल्याने चामड्याच्या वस्तू घरीच ठेवाव्यात, आणि थेट गाडी नसेल तर हातकणंगलेस उतरून पुढची गाडी धरावी.